नाव बरोबर होतं हो, पैसे मात्र भलत्याच्याच खात्यात गेले

या वेळचं पत्र:

"ताई नमस्कार. मी वाई तालुक्यात राहतो, वय ५८. घराच्या मागच्या भिंतीचं काम काढलं होतं, गवंड्याला १८,५०० रुपये द्यायचे होते. त्याने सिमेंटच्या गोणीच्या कागदावर पेनने खाते नंबर लिहून दिला. मी मोबाईलवरून एनईएफटी केलं, नंबर दोनदा टाइप केला, नाव पण बरोबर टाकलं, मध्ये कसलीतरी एक चौकट आली ती ओके केली. चार दिवसांनी गवंडी म्हणतो पैसे आलेच नाहीत. बघतो तर त्याने मराठी चार काढलेला आणि मी तो इंग्रजी आठ वाचला. बँकेत गेलो तर म्हणतात, समोरचा खातेदार हो म्हणाला तरच परत मिळतील. नाव वेगळं होतं तर त्यांनी पैसे टाकलेच कसे? दुसरं, मी आमच्या गणेश मंडळाचा खजिनदार आहे, दरवर्षी पावतीवर खाते नंबर छापतो, आता त्याचीही धास्ती बसलीये. तिसरं, पुतण्या म्हणतोय काका तुमचं ते पडून असलेलं खातं माझ्या मित्राच्या कंपनीला वापरायला द्या, महिन्याला पाच हजार देतील. आणि मुलगी जर्मनीत असते ती आयबॅन मागते, आमच्या पासबुकात असं काही नाहीच. एक खजिनदार."

नमस्कार भाऊ,

एका पत्रात चार पत्रं बसवलीत की. पण आधी पैशाचं बघू, कारण त्यात दिवस जातायत.

बँकेत तोंडी सांगून घरी आला असाल तर उद्या परत जा आणि लेखी अर्ज द्या. त्यात तारीख, रक्कम, तुमचा खाते नंबर, ज्या नंबरवर चुकून गेले तो, ज्यावर जायला हवे होते तो, आणि यूटीआर नंबर. हा यूटीआर म्हणजे त्या व्यवहाराचा स्वतःचा नंबर, एनईएफटीचा सोळा अक्षर-आकड्यांचा असतो, अॅपमध्ये त्या व्यवहारावर टच केलं की दिसतो, स्टेटमेंटमध्येही असतो. यूटीआरशिवाय अर्ज म्हणजे पत्त्याशिवाय पाकीट, टेबलावर पडून राहतं. दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या, ती पोच पुढे फार कामाला येते. मी २७ वर्षं काउंटरच्या त्या बाजूला बसलेली बाई आहे, म्हणून सांगते, तोंडी सांगितलेलं आम्ही लोक जेवणाच्या सुट्टीपर्यंत विसरतो, आणि शिक्का मारलेला कागद विसरता येत नाही.

तुमच्या बँकेने जे सांगितलं ते चूक नाही. तुम्ही स्वतः नंबर टाकून पैसे पाठवलेत, ते दुसऱ्याच्या खात्यात जमा झालेत, आता त्याच्या खात्यातून त्याच्या परवानगीशिवाय बँक रुपया काढू शकत नाही, आणि खरं सांगायचं तर काढता येत नाही हे चांगलंच आहे, नाहीतर उद्या कोणीही उठून म्हणेल माझे पैसे चुकून यांच्याकडे गेलेत आणि तुमचं खातं रिकामं होईल. तुमची बँक समोरच्या बँकेला कळवते, ती बँक तिच्या गिऱ्हाइकाला विचारते. त्या माणसाचं नाव-पत्ता तुम्हाला देणार नाहीत, गोपनीयता असते. पण आयएफएससी, म्हणजे बँक-शाखेचा कोड, तुमच्याकडे आहे, म्हणजे कुठल्या बँकेची कुठली शाखा हे साधारण कळतं. ती जवळपासची असेल तर अर्जाची एक प्रत घेऊन तिथल्या मॅनेजरला स्वतः भेटा. भांडायला नाही, बसून बोलायला. त्याने फोन उचलून खातेदाराला नीट समजावलं तर काम होतं, आणि त्याने नुसता ईमेल पुढे ढकलला तर महिना जातो.

समोरचा नाहीच म्हणाला तर? चुकून आलेले पैसे ठेवून घ्यायचा हक्क त्याला नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात कलम ७२ आहे, चुकून मिळालेला पैसा परत करावा लागतो असं त्यात स्पष्ट आहे. आणि कळूनसवरून स्वतःसाठी वापरला तर तो अप्रामाणिकपणे मालमत्तेचा अपहार, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४. तेव्हा वकिलाकडून एक साधी नोटीस, मग पोलीस ठाण्यात अर्ज, हा रस्ता आहे. १८,५०० साठी कोर्टात जायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण निदान नोटिशीपर्यंत तरी जा. बँकच टोलवाटोलवी करत असेल, अर्ज देऊन ३० दिवस झाले तरी उत्तर नाही किंवा उत्तर पटण्यासारखं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, त्यांच्या सीएमएस पोर्टलवर, फुकट, माहितीसाठी १४४४८ नंबर आहे. तेव्हा ती शिक्क्याची पोच काढायची.

एक करू नका. कोणीतरी तुम्हाला नक्की सांगेल की १९३० ला फोन करून फ्रॉड झाला म्हणून सांगा, समोरच्याचं खातं लगेच गोठवतात. १९३० हा सायबर फसवणुकीसाठी आहे आणि फसवणूक झाली असेल तर पहिल्या तासात तिथेच फोन करायचा, पण तुमची फसवणूक झालेली नाही, तुमचं वाचण्यात चुकलंय. एखाद्या बिचाऱ्या माणसाच्या खात्यात न मागता १८,५०० आले आणि वर त्याचा पगार पण अडकला, असं करून तो तुम्हाला हो म्हणेल का?

आता तुमचा मुख्य प्रश्न, नाव वेगळं होतं तर टाकलेच कसे.

भाऊ, आपल्या पिढीच्या डोक्यात बँक म्हणजे अजून लेजर आहे. मी लागले तेव्हा जाडजूड लेजरं होती, पासबुकावर चार आकडी खाते नंबर आणि बाजूला फोलिओ, म्हणजे लेजरचं कितवं पान. स्लिप आली की क्लार्क ते पान उघडायचा, वर नाव असायचं, नाव आणि नंबर जुळला नाही तर स्लिप परत. बऱ्याचदा तर नंबर चुकलेला असायचा आणि आम्ही नावावरून बरोबर खातं शोधायचो, "अगं हे त्या पिठाच्या गिरणीवाल्यांचं" असं म्हणून. तेव्हा नाव हेच खातं होतं आणि नंबर आपला पानाचा पत्ता.

आता ते उलटं झालंय. एनईएफटीने येणारा पैसा समोरच्या बँकेत कोणी माणूस बघत नाही, तो मशीनने जमा होतो. आणि मशीनला नाव जुळवणं जमत नाही, कारण एकच माणूस एका ठिकाणी नुसतं पहिलं नाव आणि आडनाव लावतो, दुसरीकडे मध्ये वडिलांचं, तिसरीकडे आडनाव आधी, आणि इंग्रजी स्पेलिंग तर विचारूच नका, एका शिंदेंची चार स्पेलिंगं मी स्वतः पाहिलीत. प्रत्येक वेळी नाव जुळलं नाही म्हणून पैसा अडवला असता तर निम्मी बँक त्याच कामाला लागली असती. म्हणून रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१० मध्ये बँकांना स्पष्ट सांगून टाकलं की इलेक्ट्रॉनिक पैसा फक्त खाते नंबर बघून जमा केला तरी चालेल, आणि नंबर बरोबर देणं ही पाठवणाऱ्याची जबाबदारी. म्हणजे तुम्ही जे नाव टाइप केलंत ते तुमच्याच समाधानासाठी होतं. तिथे "गणपती बाप्पा मोरया" टाकलं असतं तरी पैसे त्याच नंबरवर गेले असते.

यातली गंमत बघा, तुम्ही टाकलेला चुकीचा नंबर कोणाचाच नसता तर पैसे बहुतेक त्याच दिवशी आपोआप परत आले असते, एनईएफटीत जमा न झालेला पैसा समोरच्या बँकेने दोन तासांच्या आत परत पाठवायचा असतो. तुमचं दुर्दैव एवढंच की तो नंबर कोणाचातरी निघाला.

आणि ती चौकट! तुम्ही एका वाक्यात उरकलीत पण सगळं तिथेच होतं. बरीच वर्षं लोक ओरडत होते की यूपीआयला पैसे टाकताना नाव दिसतं मग एनईएफटीला का नाही, तेव्हा रिझर्व्ह बँकेने बँकांना १ एप्रिल २०२५ पर्यंतची मुदत देऊन एनईएफटी आणि आरटीजीएसला पण नाव दाखवायला लावलं. तुम्ही नंबर आणि आयएफएससी टाकला की समोरच्या बँकेच्या रेकॉर्डला त्या खात्याचं जे नाव आहे ते येतं, याचे पैसे लागत नाहीत, शाखेत जाऊन स्लिप भरणाऱ्यालाही ही सोय आहे. त्या चौकटीत बहुतेक त्या भलत्या माणसाचं नाव होतं आणि तुम्ही ओके केलंत. चिडू नका, मी पण करते, फोनवर इतक्या चौकटी येतात की बोट आपोआप ओकेवर जातं. पण सगळ्या चौकटींमध्ये वाचायची एकच असेल तर ती ही.

नंबर दोनदा टाइप केला होता म्हणता. दोनदा टाइप करायला लावतात ते बोटाची चूक पकडायला, एखादा आकडा दाबायचा राहिला, मागेपुढे झाला तर. तुमची चूक डोळ्याची. ज्याला चाराचा आठ दिसला त्याला दुसऱ्यांदाही आठच दिसणार.

हे मराठी-इंग्रजी आकड्यांचं आपल्याकडे फार होतं आणि कोणी बोलत नाही. मराठी चार आणि इंग्रजी आठ, मराठी एक आणि इंग्रजी नऊ, पेनने घाईत काढलेले असले तर देवाला पण कळणार नाहीत. आणि आपल्या पिढीचे लोक अर्धे आकडे मराठी अर्धे इंग्रजी असे मिसळून लिहितात, स्वतःला कळतच नाही. तेव्हा हाताने लिहिलेला नंबर घ्यायचाच असेल तर त्या माणसासमोर मोठ्याने वाचा, तीन-तीन चार-चार आकड्यांचे तुकडे करून, आणि त्याला हो-हो म्हणू देत. त्यापेक्षा सोपं, त्याला किंवा त्याच्या पोराला नंबर मेसेजमध्ये टाइप करून पाठवायला सांगा.

लोक पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवतात, त्यात दोन भानगडी. एक तर त्या पानावर पत्ता, फोटो, कधीकधी मोबाईल नंबर, नॉमिनी असं काय काय असतं, गवंड्याला पैसे द्यायला नॉमिनी कशाला कळायला हवा? आणि दुसरी, त्यावर एकाहून जास्त नंबर असतात. खाते नंबर वेगळा आणि सीआयएफ किंवा कस्टमर आयडी वेगळा. सीआयएफ हा तुमचा माणूस म्हणून नंबर, त्याच्याखाली तुमची बचत, एफडी, कर्ज अशी सगळी खाती येतात. स्टेट बँकेत सीआयएफ पण ११ आकडी आणि खाते नंबर पण ११ आकडी, त्यामुळे लोक बिनधास्त सीआयएफच देऊन टाकतात.

खाते नंबर किती आकडी असावा याचा आपल्याकडे देशभर एकच असा नियम नाही, प्रत्येक बँकेची आपली पद्धत. स्टेट बँक ११, महाराष्ट्र बँक ११, आयसीआयसीआय १२, एचडीएफसी १४, अॅक्सिस १५, पंजाब नॅशनल १६. काहींच्या नंबरमध्ये शाखा लपलेली असते, आयसीआयसीआयच्या जुन्या खात्यांत पहिले चार आकडे शाखेचे आणि पुढचे दोन खात्याच्या प्रकाराचे, ०१ असेल तर बचत. काही बँका शेवटचा आकडा आधीच्या आकड्यांवरून हिशोब करून ठेवतात, म्हणजे मधला एक आकडा चुकला की मशीनला कळतं हा नंबर होऊच शकत नाही. पण हे सगळ्यांनी करावंच असं बंधन नाही, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहता येत नाही. शून्यांचाही घोळ आहे. स्टेट बँकेच्या पासबुकावर ११ आकड्यांच्या आधी एक शून्यांची माळ छापलेली असते ती सोडून दिली तरी चालतं, पण ज्या बँकेत नंबरच शून्याने सुरू होतो तिथे तो शून्य टाकावाच लागतो.

मी एकदा सोसायटीच्या मेंबरांना डिपॉझिट परत करायची यादी कॉम्प्युटरच्या शीटमध्ये केली, नंबर नीट भरले, सेव्ह केलं, आणि दुसऱ्या दिवशी बघते तर पुढचे शून्य गायब, आणि एका बाईंच्या सोळा आकडी नंबरचा शेवटचा आकडा शून्य झालेला. शीट पंधरा आकड्यांपर्यंतच आकडा धरून ठेवते, सोळावा पुसून टाकते, आणि चूक झाली असं सांगत पण नाही. चूक माझीच, तो कॉलम आधी टेक्स्ट करून घ्यायचा असतो. तुम्ही मंडळाच्या याद्या करत असाल तर हे आजच बघून घ्या.

आयएफएससीबद्दल थोडंच. ११ अक्षरं, पहिली चार बँकेची, शेवटची सहा शाखेची, आणि पाचवं नेहमी शून्य, तो इंग्रजी ओ नाही, कोड चालत नाही म्हणून काउंटरवर येणाऱ्या किती जणांनी तिथे ओ टाकलेला असायचा. खाते नंबर बरोबर आणि शाखा चुकली पण बँक तीच, तर बऱ्याचदा पैसे पोचतात कारण आता सगळ्या शाखा एकाच सिस्टिमवर आहेत, पण बँकच चुकली आणि तो नंबर तिथे कोणाचातरी निघाला तर मात्र तुमच्यासारखं. छोट्या सहकारी बँकांचा कोड कधीकधी भलत्याच मोठ्या बँकेच्या नावाने सुरू होतो, तर घाबरू नका, त्या बँका मोठ्या बँकेच्या दारातून या व्यवस्थेत येतात.

आता पावतीवरचा नंबर. भाऊ, नुसत्या खाते नंबरने तुमच्या खात्यातून कोणी पैसे काढू शकत नाही. त्या नंबरने पैसे आत येतात. बाहेर काढायला सही लागते, नाहीतर पिन, ओटीपी, नेट बँकिंगचा पासवर्ड, किंवा आधार नंबर आणि अंगठा. मुख्यमंत्री सहायता निधीचा खाते नंबर सरकार स्वतः जाहीर करतं, तुम्ही कोणाला चेक दिलात तर त्यावर तुमचा नंबर छापलेलाच असतो, तो काय आपण झाकून देतो? आपल्या लोकांची भीती चुकीच्या जागी आहे असं माझं मत आहे. नंबर दे म्हटलं की दचकतात, आणि बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्याला ओटीपी सांगून मोकळे होतात. फोनवरचा माणूस तुमचं नाव, बँक आणि खात्याचे शेवटचे चार आकडे सांगतो म्हणून तो बँकेचा होत नाही, ते चार आकडे तर तुमच्या प्रत्येक मेसेजमध्ये असतात. आणि पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही.

पण पावतीचं म्हणून मी तुम्हाला उलटे दोन प्रश्न विचारते. तो नंबर मंडळाच्या नावाच्या खात्याचा आहे की तुमच्या स्वतःच्या? "माझ्याच खात्यावर घेतो, नंतर हिशोब देतो" असं अजून कितीतरी मंडळांत चालतं, आणि ते मात्र धोक्याचं आहे, चोरीच्या अंगाने नाही, हिशोबाच्या अंगाने. उद्या कोणी वर्गणीदाराने तक्रार केली किंवा आयकरवाल्यांनी विचारलं तर ते तुमचं उत्पन्न दिसतं, आणि मंडळातलं राजकारण मी तुम्हाला काय सांगायचं. दुसरा प्रश्न, पावतीपुस्तकं कधी छापलीत? बँका एकमेकांत विलीन झाल्या की आयएफएससी बदलतो, सिंडिकेट बँकेचे जुने कोड १ जुलै २०२१ पासून बंद झाले, आणि १ मे २०२५ ला विदर्भ कोकण ग्रामीण बँक महाराष्ट्र ग्रामीण बँकेत गेली. आपल्याकडे एकदा छापलेली पुस्तकं दहा वर्षं पुरवतात, म्हणून विचारलं. आणि मांडवात क्यूआर कोड लावलात तर रोज सकाळी आरतीआधी एकदा स्कॅन करून मंडळाचंच नाव येतं ना बघा, वर दुसरा कागद चिकटवून जाणारे असतात.

एक आडवळण, कारण हे मला फार विचारलं जातं. २०२४ मध्ये लाडकी बहीणचे पैसे सुरू झाले तेव्हा कितीतरी बायका म्हणायच्या, फॉर्मवर या खात्याचा नंबर दिला आणि पैसे त्या खात्यात कसे गेले. त्याचं कारण ते पैसे खाते नंबरवर जातच नव्हते, आधारवर जातात, आणि तुमचं आधार ज्या बँकेत शेवटचं सीडिंग झालंय, म्हणजे जोडलं गेलंय, तिथे पडतात, मग ते खातं तुम्ही दहा वर्षांपूर्वी उघडून विसरला असाल तरी. माय आधारच्या साईटवर बँक सीडिंग स्टेटस बघता येतं. वहिनींचं बघून ठेवा.

आता पुतण्या. इथे मी जरा कडक बोलणार आहे.

नाही म्हणा. अजिबात नाही. कुठल्याही खऱ्या कंपनीला दुसऱ्याच्या बचत खात्याची गरज नसते, कंपनीच्या नावाने करंट खातं उघडायला बँका पायघड्या घालतात. जो माणूस पाच हजार भाडं देऊन तुमचं खातं, पासबुक, एटीएम कार्ड, वर त्या खात्याला जोडलेलं सिम मागतो, त्याला स्वतःचं नाव कुठे दिसू द्यायचं नसतं. कुठेतरी एखाद्या म्हाताऱ्याला "डिजिटल अरेस्ट" म्हणून घाबरवून उकळलेले पैसे तुमच्या खात्यात येणार, दहा मिनिटांत पुढे जाणार, आणि पोलीस जेव्हा त्या पैशाचा माग काढतील तेव्हा वाटेत वाई तालुक्यातल्या एका खजिनदाराचं नाव लागेल. याला म्यूल अकाउंट म्हणतात, म्यूल म्हणजे खेचर, ओझं दुसऱ्याचं आणि पाठ तुमची. रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने असली खाती ओळखायला म्यूलहंटर नावाची सिस्टिम बनवलीये, डिसेंबर २०२४ मध्ये गव्हर्नरांनी पतधोरणात तिचा उल्लेख केला होता, म्हणजे प्रकरण किती वर गेलंय बघा. खातं गोठतं, कधीकधी तुमची बाकीची खाती पण, आणि "मला माहीत नव्हतं" हे बोलून दाखवायला वकील लावावा लागतो.

पुतण्या वाईट आहे असं मी म्हणत नाही, बहुतेक त्यालाच कोणीतरी कमिशनचं आमिष दाखवलंय आणि त्याने स्वतःचं खातं आधीच दिलेलं असू शकतं. ते त्याला घरात शांतपणे विचारा, त्याच्या आईसमोर नको. दिलं असेल तर दोघं मिळून बँकेत जा, कार्ड आणि नेट बँकिंग बंद करा आणि लेखी कळवा. आणि ते तुमचं पडून असलेलं खातं लागत नसेल तर बंदच करून टाका, चेकबुक जमा करून.

अशाच जातीचं अजून एक. कोणाचातरी फोन येतो, तुमच्या खात्यात माझे पैसे चुकून आलेत, या नंबरवर परत टाका ना, रडवेला आवाज. आता तुम्हाला वाटेल मी स्वतः त्याच फेऱ्यात आहे, बिचाऱ्याला देऊन टाकावेत. खरंच पैसे आलेत का हे आधी स्टेटमेंटमध्ये बघा, मेसेज खोटा पाठवता येतो. आले असतील तरी स्वतः पाठवू नका, तुमच्या बँकेला लिहून द्या की ज्या खात्यातून आले त्यालाच परत करा. फोनवाला जर दुसऱ्याच खात्यात मागत असेल तर तिथेच ओळखा.

मुलीचं सोपं आहे. आयबॅन म्हणजे युरोपात आणि इतर बऱ्याच देशांत चालणारा आंतरराष्ट्रीय खाते नंबर, तो आपल्याकडे नाहीच, भारत त्या व्यवस्थेत नाही, त्यामुळे पासबुकात शोधून सापडणार नाही. तिला तुमचा खाते नंबर, बँकेचं नाव, शाखेचा पत्ता आणि बँकेचा स्विफ्ट कोड द्या, तो ८ किंवा ११ अक्षरांचा असतो, प्रत्येक शाखेला वेगळा नसतो, बँकेत विचारलं की सांगतात. नाव मात्र पासबुकावर जसं आहे अक्षरश: तसंच द्या. जर्मनीत आयबॅन २२ अक्षरांचा, त्यात देशाच्या दोन अक्षरांनंतरचे दोन आकडे फक्त तपासणीसाठी असतात, त्यामुळे चाराचा आठ झाला तर मशीन तिथेच नाही म्हणतं. तुमचा प्रकार तिकडे झाला नसता. पण नाव जुळतंय का हे तपासायची सक्ती युरो देशांत ९ ऑक्टोबर २०२५ ला आली, आपल्याकडे नाव दाखवायची एप्रिलमध्येच आली होती, हे लेकीला सांगा, जरा टोमणा मारायला बरं.

राहता राहिला गवंडी. त्याचे १८,५०० अजून द्यायचेत भाऊ, तुमचे परत येईपर्यंत त्याला थांबवू नका, चूक त्याची नाही, भिंत उभी आहे. या वेळी त्याच्या पोराकडून नंबर टाइप करून घ्या, नवीन बेनिफिशरी म्हणून टाका, जुनी चुकलेली एंट्री आधी डिलीट करा नाहीतर पुढच्या महिन्यात परत तीच निवडाल, आणि पहिल्यांदा एक रुपया पाठवा. तो पोचला असं त्याने सांगितलं की मग बाकीचे. आणि चौकटीत नाव त्याचं न येता एखाद्या बाईचं आलं तर लगेच कॅन्सल करू नका, आधी फोन करून विचारा, कारण आपल्याकडे गवंड्याचं खातं बऱ्याचदा त्याच्या बायकोच्या नावावर असतं.